राखीव जागा कुणाची?

(वाघोलीतल्या युवकांच्या बैठकीतलं भाषण)

येरवडा इथून किती लांब? नगर रोडनं सरळ गेलं की आलंच. तिथल्या तुरुंगात २४ सप्टेंबर १९३२ ला पुणे करार झाला आणि बाबासाहेबांनी मिळवलेले स्वतंत्र मतदारसंघ गेले. बदल्यात प्रांतिक कायदेमंडळांत १४८ राखीव जागा. त्यात एक सोय होती. आधी फक्त अस्पृश्य मतदारांनी चार उमेदवार निवडायचे, मग त्यांतला एक सगळ्यांनी. सोय दहा वर्षांपुरती. संपली.

आता उमेदवार वस्ती निवडत नाही, पक्ष निवडतो. पुणे महापालिकेत प्रभाग चार जणांचा. अ, ब, क, ड. मतदाराला चार मतं. एवढ्या पसाऱ्यात एकटा माणूस पोचणार कसा? मग पॅनल. आणि राखीव जागेवरचा आपला माणूस म्हणजे पॅनलच्या गाडीमागं बांधलेलं वासरू.

मलाही निरोप आला होता. ‘तू फक्त उभा रहा, खर्चाचं आम्ही बघतो.’ च्यायला, खर्च ज्याचा, सभागृहात हातही त्याच्याच इशाऱ्यावर वर करायचा ना! मी नाही म्हणालो.

काही दोस्त म्हणतात, मग निवडणूकच नको. हे मला बिलकुल मान्य नाही. जून २०२१ ला वाघोली महापालिकेत गेली, ग्रामपंचायत संपली. मार्च २०२२ पासून महापालिकेवरच प्रशासक. नगरसेवकासाठी मत द्यायला मिळालं थेट जानेवारी २०२६ ला. मधे, डिसेंबर २०२४ मध्ये, केसनंद फाट्यावर फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर डंपर गेला. तिघं मेले, त्यांत दोन तान्ही लेकरं. कामासाठी अमरावतीकडून आलेली माणसं. नगरसेवक असता तर डंपर थांबला असता, असं मी म्हणत नाही. पण या माणसांना रात्री झोपायला जागा का नाही, हे सभागृहात विचारायला आपण निवडलेलं एक माणूस नव्हतं.

महाड आठवा. चवदार तळं सर्वांना खुलं, हा नगरपालिकेचा ठराव १९२४ चा. १९२७ मध्ये आपण पाणी प्यालो, त्याच साली नगरपालिकेनं ठराव फिरवला. तिथले हात असे असतात!

म्हणून करारातली ती गेलेली सोय आपण आपल्या वस्तीत चालू करू. त्याला कायदा लागत नाही. आधी वस्ती उमेदवार ठरवील, पक्षाशी बोलणं मग. फक्त बौद्धांनी बसून हे होणार नाही. मातंग, चर्मकार पाहिजेत. खाणीवरचे वडारही पाहिजेत, सरकारी यादीत त्यांचा रकाना वेगळा असला तरी.

रविवारी मतदार यादी घेऊन बसू. ज्यांची नावं नाहीत त्यांनी कागद आणा. बायकांना आणा, त्यांच्याशिवाय बैठक सुरू करायची नाही.

जय भीम.