शस्त्रक्रियेनंतरचे पहिले तास



तोडलेल्या उसाच्या गाळपास विलंब झाला की रसात ल्युकोनॉस्टॉक नावाचे जिवाणू वाढतात आणि साखरेपासून एक बुळबुळीत, चिकट द्रव्य तयार करतात. रस घट्ट होतो, साखरेचा उतारा घटतो. कारखानदारांना नकोसे असलेले हे द्रव्य म्हणजे डेक्स्ट्रान. स्वीडनमधील उप्साला येथे ग्रोनवॉल व इंगेलमान या संशोधकांनी १९४० च्या दशकात त्यापासूनच रक्तद्रवाचा पर्याय सिद्ध केला. रक्तस्राव झालेल्या रुग्णाच्या रक्तवाहिन्यांतील द्रवाचे प्रमाण टिकवणे हे त्याचे मूळ कार्य. गुठळी होण्यास ते प्रतिबंध करते, हा त्याचा दुसरा गुण.

या गुणाची खरी कसोटी मानेतील धमनीच्या शस्त्रक्रियेत लागली. मेंदूकडे रक्त नेणाऱ्या या धमनीत मेदाचा थर साचला, तर शल्यविशारद ती उघडून थर काढतात. परंतु उघड्या पडलेल्या आतील पृष्ठभागावर प्लेटलेट चिकटू लागतात. तेथून सुटलेली सूक्ष्म गुठळी मेंदूत अडकली, तर पक्षाघात होतो. ज्या संकटाच्या निवारणासाठी शस्त्रक्रिया केली, तेच संकट पुन्हा उभे राहते.

इंग्लंडमधील लेस्टर येथे रॉस नेलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात शस्त्रक्रियेनंतर रुग्णाच्या कानशिलाशी डॉप्लर यंत्र लावून मेंदूकडे जाणारे हे कण मोजले. ज्यांच्यात कणांचा ओघ थांबत नसे, त्यांनाच डेक्स्ट्रान ४० शिरेतून थेंबथेंब दिले जाई. '४०' हा आकडा ४०,००० या सरासरी रेणुभाराचा निदर्शक. त्यामुळे प्लेटलेटचा चिकटपणा कमी होतो, रक्त पातळ होऊन प्रवाही राहते आणि कणांचा ओघ ओसरतो.

मात्र हे औषध निर्धोक नव्हे. तीव्र ॲलर्जी, हृदयावरील भार आणि मूत्रपिंडास इजा हे त्याचे धोके आहेत. २००४ साली लेस्टरच्याच अभ्यासात आढळले की, ॲस्पिरिन चालू असताना आदल्या रात्री ७५ मिलिग्रॅम क्लोपिडोग्रेल दिल्यास कण मुळातच कमी सुटतात. परिणामी डेक्स्ट्रानची गरज पुष्कळ घटली.

औषध बदलले, तरी दक्षतेचे महत्त्व तसेच राहिले. अशा रुग्णाच्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्यावाचून कुटुंबीयांनी बंद करू नयेत. तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला किंवा वाचा अडखळली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. यशस्वी शस्त्रक्रियेचे फळ अशा जागरूकतेनेच टिकते.