स्मशानांतून घराकडे

वयोवृद्ध माणूस गेलें म्हणजे समाचारास येणारी मंडळी बहुधा एकच गोष्ट बोलतात. नातवंडें-पतवंडें पाहिलीं, अंथरुणाला फार दिवस खिळावें लागलें नाहीं, सोनें झालें! हें बोलणें खोटें नसतें. नव्वदीचा मृत्यु आणि विशींतला मृत्यु यांत अंतर आहेच. परंतु त्याचा परिणाम असा होतो कीं, ज्यांचें माणूस गेलें त्यांना दुःख करावयास जागाच उरत नाहीं. पिकलें पान गळणारच, हें त्यांनाही ठाऊक असतें. ठाऊक असूनही घशाशीं आवंढा कां येतो, हें मात्र कोणास सांगतां येत नाहीं.

मुंबईंतील एखादा मध्यमवयीन गृहस्थ डोळ्यांपुढें आणावा. मध्यरात्रीं साताऱ्याकडच्या गांवाहून मामांचा फोन येतो, “आजी गेली.” पहांटेच्या गाडीनें तो निघतो. दुपारीं नदीकांठीं चितेला अग्नि दिला जातो, सायंकाळीं तो परतीच्या गाडींत असतो आणि दुसऱ्या दिवशीं साडेनऊला कचेरींत. शेजारच्या टेबलावरचा सहकारी विचारतो, “वय काय होतें?” “ब्याण्णव.” “मग सोनें झालें कीं!” संभाषण तेथेंच संपतें आणि तुंबलेलीं कामें पुढें ओढलीं जातात. दुपारीं डबा उघडतांना त्याच्या एकाएकीं मनांत येतें कीं, आजीच्या हातची लसणाची चटणी आतां पुन्हां मिळावयाची नाहीं. स्मशानांत जें पाणी डोळ्यांना आलें नव्हतें तें येथें येतें, आणि चारचौघांत त्याला त्याची लाज वाटते.

लाज वाटण्याचें वास्तविक कांहीं कारण नाहीं. मृत्यूच्या सान्निध्यांतून नित्याच्या व्यवहारांत परत येणें ही एक वाट आहे, आणि त्या वाटेवरच्या पायऱ्या त्याला कोणीं दाखविल्या नव्हत्या. एका रात्रीच्या प्रवासांत त्यानें ती उडी मारून ओलांडली, इतकेंच.

या पायऱ्यांचा विचार पूर्वींच्या लोकांनीं किती बारकाईनें केला होता, याची साक्ष याज्ञवल्क्यस्मृतीच्या प्रायश्चित्ताध्यायांत आरंभींच मिळते. दहन होऊन मृताला उदक दिल्यावर शोकाकुल मंडळी पाण्याबाहेर येऊन मऊ हिरवळीवर बसतात. वडीलधारीं माणसें जुन्या कथा सांगून त्यांचें सांत्वन करतात. मग सर्वजण घराकडे वळतात, आणि त्या वेळीं लहान मुलांना पुढें घालावयाचें असतें. घराच्या दाराशीं थांबून कडुनिंबाचीं पानें चावावयाचीं, आचमन करावयाचें, अग्नि, पाणी, शेण, पांढऱ्या मोहऱ्या यांना स्पर्श करावयाचा, दगडावर पाऊल ठेवावयाचें आणि सावकाश आंत जावयाचें. त्या दिवशींचें अन्न विकत घेतलेलें किंवा दुसऱ्यानें दिलेलें असावें, आणि निजणें जमिनीवर. यांतील ‘सावकाश’ हा शब्द स्मृतिकारांचाच आहे. उंबरठा ओलांडण्याची घाई करूं नये, हें त्यांनीं स्पष्ट सांगून ठेविलें आहे.

आर्नोल्ड व्हान गेनेप या पंडितानें १९०९ सालीं फ्रेंच भाषेंत एक ग्रंथ लिहून हीच गोष्ट दुसऱ्या रीतीनें मांडली. जन्म, विवाह, मृत्यु अशा प्रसंगींच्या विधींचे त्यानें तीन भाग पाडले. प्रथम माणूस समाजापासून वेगळा होतो, मग कांहीं काळ उंबरठ्यावर थांबतो आणि शेवटीं समाजांत पुन्हां सामील होतो. मृत्यूच्या बाबतींत हा क्रम गेलेल्याला लागू आहे, तसाच मागें राहिलेल्यांनाही लागू आहे. आपलें सुतक म्हणजे हें उंबरठ्यावरचें थांबणें होय. दहाव्या दिवशींचा पिंड आणि कावळ्याची वाट पाहणें, आप्तांनीं आणलेला दुखवटा, तेराव्या दिवशींचें गोड जेवण, या परत येण्याच्या पायऱ्या होत. गोड घांस तोंडांत घालावयास आधीं कोणी धजत नाहीं; म्हणून तो घालावा असा नियमच करून ठेविला. नियम असल्यामुळें, गेलेल्या माणसाशीं बेइमानी केली असें कोणास वाटत नाहीं.

अन्नाच्या बाबतींत तर भिन्न धर्मांचें आश्चर्यकारक ऐकमत्य आहे. महाराष्ट्रांत दुःखाच्या घरीं पहिल्या दिवशीं चूल पेटत नाहीं. शेजारीपाजारी पिठलें-भात आणून देतात. ज्यू लोकांत दफनानंतरचें पहिलें जेवण शेजाऱ्यांनीं पुरवावें असा दंडक आहे. त्यापुढें सात दिवस कामकाज बंद ठेवून घरीं बसावयाचें आणि मग उठावयाचें. जाफर हे लढाईंत पडल्याची वार्ता आली तेव्हां पैगंबरांनीं त्यांच्या घरच्यांसाठीं अन्न शिजविण्यास सांगितलें, अशी हदीस आहे. ज्याच्यावर प्रसंग ओढवला आहे त्याला त्या दिवशीं स्वयंपाकाची चिंता नसावी, हें शहाणपण सर्वांना सुचलें.

मात्र कामें अडवून धरावींत असा शास्त्राचाही आग्रह नव्हता. पराशरस्मृतींत राजा, वैद्य, शिल्पी, कारागीर, न्हावी, दासदासी यांना ‘सद्यःशौच’ सांगितलें आहे, म्हणजे त्यांची तत्काळ शुद्धि मानली आहे. ज्यांच्यावांचून लोकांचें अडतें त्यांनीं लगेच कामास लागावें, आणि त्यांत दोष नाहीं. म्हणून दुसऱ्या दिवशीं रुग्णालयांत हजर होणारी परिचारिका किंवा गाडी चालविणारा चालक हा कांहीं कठोर मनाचा ठरत नाहीं.

या जुन्या व्यवस्थेंत सारेंच चांगलें होतें, असें कोणी समजूं नये. विधवेच्या केशवपनासारखी क्रूर रूढि मृत्यूच्या विधींनाच चिकटलेली होती आणि १८८८ सालीं निघालेल्या ‘सुधारक’ पत्रांतून आगरकरांनीं तिच्यावर कडक टीका केली, ती योग्यच होती. शिवाय सुतकाचे दिवस गोत्रावरून मोजले जात, मायेवरून नव्हे. विवाहित कन्येला आईबापांचें अशौच तीनच दिवसांचें. वर सांगितलेल्या गृहस्थाची आई सत्तरीची असेल. तिची आई गेली आहे. शास्त्रानें तिला तीन दिवस दिले आणि लोकांनीं ‘सोनें झालें’ म्हणून तेवढेही काढून घेतले! चौथ्या दिवशीं ती नेहमीप्रमाणें भाजी निवडीत बसलेली दिसते, आणि तिला आतां ‘बाळ’ म्हणणारें जगांत कोणी उरलें नाहीं, हें घरांत कोणाच्या ध्यानांतही येत नाहीं.

तेव्हां आजच्या शहरांतील कुटुंबांनीं काय करावें? तेरा दिवसांची रजा बहुतेकांस मिळणार नाहीं, आणि सर्व विधींवर सर्वांची श्रद्धाही नाहीं. तथापि त्या विधींतील चार गोष्टी कोणत्याही घराला सहज पाळतां येतील. शेजाऱ्याच्या घरीं मृत्यु झाला तर फुलांऐवजीं जेवणाचा डबा न्यावा. गांवाहून परतलेल्या माणसाला गेलेल्याचें वय विचारण्याऐवजीं, “त्या कशा होत्या?” असें विचारावें आणि उत्तर संपेपर्यंत ऐकावें. एक दिवस मुद्दाम ठरवावा. त्या दिवशीं सर्वांनीं एकत्र जमून गेलेल्या माणसाच्या आवडीचा पदार्थ करावा, त्याच्या गोष्टी सांगाव्या, आणि दुसऱ्या दिवसापासून घरांत पुन्हां गाणें लावण्यास हरकत नाहीं असें वडील माणसानें आपल्या तोंडानें सांगावें.

चौथी गोष्ट मुलांची. मृत्यूच्या घरांतून मुलांना दूर ठेवण्याची आतां चाल पडली आहे. परंतु परतीच्या वाटेवर मुलें पुढें असावींत, असें जें स्मृतिकारांनीं सांगितलें त्यांत मोठें मर्म आहे. मुलांना भूक लागते, खेळ आठवतो, शाळेचा अभ्यास राहिलेला असतो. त्यांच्या मागोमाग चालतां चालतां मोठीं माणसेंही घराच्या दाराशीं येऊन पोंचतात.