क्लॅथ्रिनचं दुसरं काम

अकरावी-बारावीची मुलं आणि त्यांचे शिक्षक ऐकत असतील, तर आजचं बोलणं त्यांच्याशीच आहे.

क्लॅथ्रिन म्हटलं की मुलं एका दमात सांगतात, पेशीपटल आत वळून पुटिका होते, तिच्यावर जाळीदार आवरण चढवणारं प्रथिन. बरोबर आहे. पण तिथेच थांबतात, आणि आपण शिक्षकही थांबू देतो. हे मला खटकतं.

केंब्रिजमध्ये 1975-76च्या सुमारास बार्बरा पिअर्स यांनी डुकराच्या मेंदूतून हे प्रथिन शुद्ध केलं. तीन पायांचा रेणू, पायात पाय गुंतवून जाळी विणणारा. तिथेच 2005 साली स्टीफन रॉयल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की पेशी विभागू लागली की हेच क्लॅथ्रिन तर्कूवर जातं आणि गुणसूत्रांना जोडलेले तंतू बळकट करतं.

उसाच्या फडात बघा. वाढं बैलांपुढे पडतं, आणि त्याच वाढ्याला पीळ देऊन मोळीही बांधतात. चारा तेच, बंद तेच. माणसाच्या पेशीत गुणसूत्राला जोडलेली मोळी असते कित्येक सूक्ष्मनलिकांची. बंद सैल असेल तर डोक्यावरून गाडीकडे नेताना ऊस निसटतो. क्लॅथ्रिन कमी केलेल्या पेशीत गुणसूत्रं मधल्या पट्ट्यात नीट येत नाहीत, विभाजन रेंगाळतं. फडात वाढं एकटं पुरतं, इथे मात्र टॅक-3 आणि सीएच-टॉग ही प्रथिनं सोबत लागतात. ऑरोरा-ए या विकराने टॅक-3वर फॉस्फेट चढवलं, की मगच क्लॅथ्रिन त्याला धरतं.

आता एखादी हुशार मुलगी विचारेल, "सर, क्लॅथ्रिन काढलं म्हणजे पुटिकांची वाहतूकही बंद पडली. विभाजन त्यामुळेच बिघडलं नसेल कशावरून?" असं विचारणारी मुलगी वर्गात असेल तर तिला गप्प करू नका. 2013मध्ये रॉयल यांच्या गटाने याचंच उत्तर दिलं. विभाजन ऐन मध्यावर असताना त्यांनी ही सारी जुळणी काही मिनिटांत तर्कूवरून ओढून मायटोकाँड्रियांवर नेली. तंतूंवरचा ताण तिथल्या तिथे बिघडला. म्हणजे हे काम तर्कूवरच चालतं, वाहतुकीची ती सावली नव्हे. पुन्हा सांगतो, कारण वहीत हेच उतरायला हवं: प्रथिन तेच, कामं दोन.

आणि हे सगळं परदेशातलंच असं समजू नका. आपल्या पुण्यात, आयसर या विज्ञान संस्थेत, थॉमस पुकाडिल यांच्या प्रयोगशाळेत पटलाच्या वक्रतेनुसार क्लॅथ्रिन कसं जमतं यावर काम झालंय. आपल्या बीडहून एसटीने जाता येईल इतकं ते जवळ आहे. बारावीनंतर तिथे शिकायलाही जाता येतं, त्याची परीक्षा वेगळी असते, पण ते पुढच्या वेळी बोलू.

अशी दोन कामं करणारं आणखी एक प्रथिन, सेक-13, राहिलंच. तेही पुटिकेच्या आवरणातलं, पण केंद्रकाच्या छिद्रांच्या चौकटीतही तेच बसतं. विभाजनात त्या चौकटीचा एक भाग गुणसूत्रांवर, तंतू जोडले जातात त्या जागी जातो. तिथे तो काय करतो, हे सांगायला आज मिनिटं उरली नाहीत.