आंग्र्यांच्या गुराबेची प्रतिकृति



जिचें मोजमाप घ्यावें अशी एकहि नौका आज उरलेली नाहीं, तिची प्रतिकृति कशी करावी, हा आजचा विषय आहे. ती नौका म्हणजे आंग्र्यांची गुराब. आपलें नागपूर समुद्रापासून शेंकडों मैल दूर. येथील पुष्कळ मुलांना मराठ्यांच्या आरमाराची ओळख शाळेंत मांडलेल्या अशा प्रतिकृतीवरूनच व्हावयाची. म्हणून ती करणाराची जबाबदारी मोठी आहे.

कान्होजी आंग्रे १७२९ सालीं वारले. पुढें फेब्रुवारी १७५६ मध्यें पेशवे व इंग्रज एक होऊन तुळाजी आंग्र्यांवर विजयदुर्गास चालून गेले. इंग्रजांच्या गोळ्यानें बंदरांतील एका जहाजानें पेट घेतला आणि त्या आगींत तुळाजींचें आरमार जळून गेलें.

सुदैवानें ऑर्म नांवाच्या तत्कालीन इंग्रज इतिहासकारानें गुराबेचें वर्णन लिहून ठेविलें आहे. दोन डोलकाठ्यांची गुराब सुमारें १५० टनांची, तीन डोलकाठ्यांची ३०० टनांची. लांबीच्या मानानें रुंदी पुष्कळ. पाण्यांत बुडणारा भाग थोडा. नाळ लांब पुढें आलेली. तिच्यामागें आडवी भिंत, आणि भिंतीच्या झरोक्यांतून नाळेवरून मारा करणाऱ्या ९ किंवा १२ रत्तली गोळ्यांच्या दोन तोफा. वारा पडला म्हणजे ४०-५० वल्ह्यांचीं गलबतें तिला ओढून शत्रूच्या पिछाडीस नेत, आणि मग या पुढच्या तोफा कामीं येत.

या नाळेला कठडा नव्हता. हौशी कारागीर शोभेसाठीं तो हटकून बसवितो. परंतु समोरून लाटा आल्या म्हणजे गुराब फार आदळे; वर चढलेलें पाणी न अडतां वाहून जावें, यासाठींच नाळ उघडी ठेवीत. कठडा बसविला कीं बांधणाराची अक्कलच झांकली जाते.

आतां प्रमाण. एका फुटास पाव इंच धरल्यास लांबी ४८ पट घटते, शिडांचें क्षेत्रफळ २,३०४ पट, आणि वजन १,१०,५९२ पट! वजनाच्या मानानें शिडें अशीं मोठीं राहिल्यामुळें पाण्यांत सोडलेली प्रतिकृति थोड्या वाऱ्यानेंहि कलंडते. तिच्या तळाशीं शिसें भरावें लागतें. वर्ग आणि घन यांतील भेद मुलांना याहून चांगला कोठें दिसेल?

फासळ्यांतील अंतर, दोरांची जाडी, पिछाडीची घडण या गोष्टी मात्र ऑर्मच्या वर्णनांत नाहींत. तेथें विलायती जहाजांची नक्षी उचलण्याचा मोह होतो, तो टाळावा. कोंकणांतील होड्या बांधणारांची रीत पाहून अनुमान करावें, आणि अनुमान तें अनुमान म्हणूनच दाखवावें. माझी सूचना अशी, कीं आधार असलेले भाग सागवानाचे करावेत व अनुमानाचे भाग फिकट शिवणीचे, रंग न देतां ठेवावेत. "हा भाग निराळा कां?" असें एखाद्या मुलानें विचारलें, तर त्याला खरें उत्तर देतां येईल. सर्वच एका रंगानें रंगविलें, तर तो प्रश्न त्याला कधींच सुचणार नाहीं.