भूसंपादनाची नोटीस आली तर



सात-बारावर नाव लागलं म्हणजे जमीन कायमची आपली, अशी आपली समजूत. पण सार्वजनिक कामासाठी सरकार मोबदला देऊन ती सक्तीनं घेऊ शकतं. इंग्रजांनी १८९४ साली तसा कायदा केला. मुळशीत टाटांच्या धरणासाठी जमिनी जाऊ लागल्या, तेव्हा १९२१ साली मावळ्यांनी सत्याग्रह केला. सेनापती बापट त्यांचे पुढारी झाले. कंपनीचं काम सार्वजनिक म्हणावं का, हा वाद अजून मिटलेला नाही.

आपल्या घटनेत आधी मालमत्तेचा हक्क मूलभूत होता. जमीनदारी मोडायला तो आड येतो, असं एका बाजूचं म्हणणं. तो गेला तर लहान शेतकऱ्याला वाली कोण, असं दुसरीचं. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनं तो मूलभूत हक्कांतून निघाला. उरलं कलम ३००-अ : कायद्याच्या आधाराशिवाय कुणाची मालमत्ता काढून घेता येत नाही. म्हणजे आता कायदा काय म्हणतो, ते आपल्याला ठाऊक हवं.

१८९४ चा कायदा जाऊन २०१३ चा आला. तो १ जानेवारी २०१४ पासून लागू आहे. त्यात प्राथमिक अधिसूचनेनंतर ६० दिवसांत कलेक्टरकडे लेखी हरकत देता येते. अर्जाची पोच घ्या. राष्ट्रीय महामार्गाचा कायदा वेगळा, तिथं २१ दिवसच मिळतात. म्हणून नोटीस कुठल्या कायद्याखाली आहे, ते आधी वाचून घ्या.

मोजणीला स्वतः हजर राहा. विहीर, पाइपलाइन, फळझाडं, गोठा कागदावर आले का ते पाहा.

दर ठरवताना मागच्या तीन वर्षांतली जवळपासची खरेदीखतं बघतात. स्टॅम्प वाचवायला खतात कमी आकडा घालायची आपली खोड इथं नडते, शेजाऱ्यालासुद्धा! ठरलेल्या भरपाईवर तेवढीच दिलासा रक्कम मिळते, म्हणजे नुकसानही दुप्पट.

रक्कम कमी वाटली तरी घ्या, पण सही करताना ‘निषेध नोंदवून स्वीकारली’ असं लिहा. वकील त्याला ‘अंडर प्रोटेस्ट’ म्हणतात. मुकाट्यानं सही केली, तर २०१३ च्या कायद्याखाली वाढीव मोबदला मागता येत नाही. निवाड्याच्या वेळी हजर असाल, तर त्या तारखेपासून ६ आठवड्यांत कलेक्टरकडे अर्ज द्यायचा.

सामाईक खात्यात भावाभावांचा वाद असेल, तर पैसे प्राधिकरणाकडे जमा होऊन अडकतात. वारसनोंदी राहिल्या असतील, तर नोटीस यायची वाट न बघता त्या लावून घ्या.