‘बाबा, पेस्ट तिखट आहे’

गेल्या महिन्यातली गोष्ट. रविवारी सकाळी वसई स्टेशनाजवळच्या एका औषधाच्या दुकानात मी आणि माझी चार वर्षांची मुलगी उभे होतो. घ्यायची होती तिच्यासाठी दात घासायची पेस्ट. दुकानदाराने एकामागून एक खोकी काचेवर मांडली. स्ट्रॉबेरी, बबलगम, संत्रे, कलिंगड, पुदिना. “यातली कुठली देऊ, सर?” वर्गात पन्नास मिनिटे न अडखळता बोलणारा मी त्या प्रश्नापुढे गप्प झालो. मुलगी मात्र गप्प नव्हती. ज्या खोक्यावर अस्वलाचे चित्र होते ते तिने केव्हाच छातीशी धरले होते.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गोष्टीवर आकाशवाणीवर भाषण कशाला? सात-आठ वर्षांपूर्वी मीही हेच म्हटले असते. मी दंतवैद्य नव्हे. महाविद्यालयात मराठी शिकवतो. पण या विषयाची फी आमच्या घराने भरलेली आहे, आणि ती माझ्या थोरल्या मुलाने आपल्या दाढांनी भरली.

तो अडीच-तीन वर्षांचा असताना आम्ही घरातलीच पेस्ट त्याच्या ब्रशाला लावत असू. ब्रश जवळ आला की तो ओठ घट्ट मिटून घेई, मान फिरवी आणि रडत रडत म्हणे, “तिखट आहे.” आम्हांला हसू येई. पेस्ट कधी तिखट असते का? मूल हट्टी आहे, सबबी सांगते, असा आम्ही निकाल देऊन टाकला होता. त्यातून सकाळची वेळ. वसई-विरारकडच्या माणसाला ती वेळ वर्णन करून सांगायला नको. एका हातात डबा, दुसऱ्या हातात मुलाचा बूट आणि अर्धे लक्ष लोकलकडे. अशा वेळी रडणाऱ्या मुलाशी कोण झगडणार? “राहू दे, उद्या घासू.” त्या ‘उद्या’ची दोन वर्षे झाली. मधल्या काळात आगाशीहून त्याची आजी सुकेळी पाठवीत होती, आणि रात्री दुधाची बाटली तोंडात असल्याखेरीज त्याला झोप येत नव्हती.

पाचव्या वर्षी एका रात्री तो गाल धरून उठला. सकाळपर्यंत गाल सुजला होता. दंतवैद्य बाईंनी तपासले, तर चार दाढा किडलेल्या, आणि त्यांतली एक काढण्यावाचून गत्यंतर नव्हते. “दुधाचाच दात ना, नाहीतरी पडणारच होता,” असे शेजारीपाजारी म्हणाले. मीही मनाला तसेच समजावले. पण दुधाच्या दाढा साधारण दहा-अकरा वर्षांपर्यंत तोंडात राहायच्या असतात आणि मागून येणाऱ्या कायमच्या दातासाठी त्या जागा राखून ठेवतात. ती राखण गेली म्हणजे शेजारची दाढ पुढे सरकते. ती सरकू नये म्हणून पाच वर्षांच्या मुलाच्या तोंडात तारेचे कडे बसवावे लागले. खुर्चीवर त्याचा हात मी धरला होता, आणि बाईंनी सहज विचारले, “पेस्ट कुठली वापरता?” मी नाव सांगितले. हा तिखट म्हणतो, हेही सांगितले. त्या म्हणाल्या, “मग तो खरेच सांगत होता.”

ते खरे कसे, हे मी मागाहून वाचून काढले. पुदिन्याच्या पेस्टमध्ये मेंथॉल असते. तोंडातल्या ज्या मज्जातंतूंना गारवा कळतो त्यांच्या टोकांशी थंडी ओळखणारी एक कडी असते. मेंथॉल ती कडी थंडीवाचूनच उघडते. मिरचीतला झोंबरेपणाही असाच उष्णतेची कडी उघडतो. या दोन कड्यांचा शोध अनुक्रमे २००२ आणि १९९७ साली लागला, आणि अशा संशोधनासाठी डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापुटियन यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजे पुदिन्याचा तडाखा काय किंवा मिरचीचा काय, ती जिभेवरच्या चवकळ्यांची गोष्टच नव्हे. स्पर्श, ऊन, गारवा आणि वेदना ज्या वाटेने कळतात त्याच वाटेने तोही कळतो. आपल्याला सवयीने तो ताजेपणा वाटतो. ज्याला सवय नाही त्याला तो झोंबतो. मुलाजवळ त्यासाठी ‘तिखट’ हा एकच शब्द होता. आणि मराठी शिकवणाऱ्या बापाला त्या शब्दाचा अर्थ कळला नाही!

आपल्या जुन्या वैद्यांना मात्र चवीचा हा प्रश्न क्षुल्लक वाटला नव्हता. चरकाने दिवसातून दोन वेळा दात घासायला सांगितले आणि काडी तुरट, तिखट किंवा कडू असावी असे म्हटले. गोडाला त्याने थारा दिला नाही. सुश्रुत अधिक उदार. त्याने चवीप्रमाणे झाडेच वाटून दिली : कडूत कडुनिंब श्रेष्ठ, तुरटात खैर, तिखटात करंज आणि गोडात मधूक, म्हणजे आपला मोह. जव्हार-मोखाड्याच्या रानात आजही दिसणारा मोह या यादीत पाहून मला फार बरे वाटले. दुकानदाराने काचेवर मांडलेली खोकी आणि सुश्रुताची ही चार झाडे यांत मला तरी फारसा फरक दिसत नाही.

आमच्या घरात याहून साधा व्यवहार होता. भाताच्या तुसाची राखुंडी आणि चिमूटभर मीठ, एवढ्यावर माझ्या पणज्यांचे दात घासले गेले. वडिलांच्या लहानपणी काळे दंतमंजन आले. १९५२ साली परळला केशव पेंढरकरांनी विको काढली आणि वज्रदंती घरोघर गेली. त्याच साली रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. (आकाशवाणीच्या पुस्तिकेत हे छापतील अशी आशा आहे!) बिनाकाच्या खोक्यातून प्लॅस्टिकचे चिमुकले प्राणी निघत. वडिलांनी ते जमवले होते, आणि त्यांतला एक हत्ती अजून आमच्या कपाटात आहे. आमच्या वेळी लवंगेच्या तेलाची ‘प्रॉमिस’ होती. गंमत पाहा, मुलांना खेळणी मिळाली, गाणी मिळाली. पण पेस्टची चव बराच काळ मोठ्या माणसाचीच राहिली.

आणि एक चव मुलांना मोठ्यांकडून मिळाली, तिच्याविषयी बोलायलाच हवे. माझी आजी मशेरी लावीत असे. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि बोटाने हिरड्यांवर चोळायची. दिवसातून दोनदा, पुढे चारदा. मी मांडीवर बसलेलो असे. मी हट्ट केला की तीच बोटभर माझ्याही हिरड्यांना लागे. “दात घट्ट होतात,” ती म्हणे. डोके गरगरे, पण आजीसारखे केल्याचा आनंद मोठा असे. तिचे दात घट्ट झाले नाहीत. व्यसन मात्र शेवटपर्यंत सुटले नाही. दंतमंजनात आणि पेस्टमध्ये तंबाखू घालायला सरकारने १९९२ साली बंदी केली, पण घरच्या तव्यावर भाजलेल्या मशेरीपर्यंत तो कायदा कसा पोचणार? तुमच्या घरात कोणी मशेरी लावीत असेल, तर निदान त्यांच्या बोटापासून मूल दूर ठेवा. लहानपणी तोंडात बसलेली चव जन्मभर परत परत मागितली जाते. आजीने मला वेळीच शाळेच्या गावी पाठवले म्हणून मी वाचलो, असे मी समजतो.

तर मग सरळ गोड पेस्ट आणावी, म्हणजे झाले? धाकटीच्या बाबतीत आम्ही तेच केले. स्ट्रॉबेरीची पेस्ट आणली. पहिल्या दिवसापासून ती ब्रश मागून घेऊ लागली, आणि आम्ही एकमेकांकडे विजयी मुद्रेने पाहिले. पंधरा दिवसांनी न्हाणीघराचे दार बराच वेळ बंद दिसले म्हणून मी ढकलले, तर बाईसाहेब पाटावर बसून नळी चोखत होत्या!

येथे गोडाला उगीच दोष देऊ नये. पेस्टमधला गोडवा साखरेचा नसतो. सॉर्बिटॉल, सॅकरिन अशा पदार्थांचा असतो, आणि दात किडवणारे जंतू साखरेतून जसे झपाट्याने आम्ल करतात तसे त्यांना यांतून करता येत नाही. दात किडतात ते दातांना चिकटून राहणाऱ्या सुकेळ्याने, बिस्किटाने आणि रात्रीच्या बाटलीने. गोड पेस्टची अडचण वेगळी आहे. तिच्यात बहुधा फ्लोराइड असते. ते दाताच्या लेपाला बळकटी देते, म्हणून ते हवेच. पण मूल ते रोज गिळू लागले, तर हिरडीच्या आत तयार होत असलेल्या कायमच्या दातांवर पांढरे डाग उमटू शकतात. पाण्यातच फ्लोराइड जास्त असले म्हणजे काय होते, ते चंद्रपूर आणि यवतमाळ जिल्ह्यांतल्या काही गावांत लोकांच्या दातांवर दिसते. ज्यांच्या घरी बोअरिंगचे पाणी पिण्यासाठी वापरतात, त्यांनी ते एकदा तपासून घेतलेले बरे.

या भीतीने काही मंडळी फ्लोराइड नसलेलीच पेस्ट शोधतात. मला हे पटत नाही. दंतवैद्यांचे म्हणणे असे की पेस्ट बदलू नका, माप बदला. अमेरिकेतल्या दंतवैद्यांच्या संघटनेने २०१४ साली सांगितले की पहिला दात येताच फ्लोराइडची पेस्ट वापरावी, पण तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी आणि पुढे सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी. आपल्याकडे पेस्टमध्ये फ्लोराइड दहा लाख भागांत जास्तीत जास्त १००० भाग असावे असा नियम आहे, आणि ते प्रमाण नळीवर छापलेले असते. चष्मा लावून वाचावे लागते, पण वाचा. हजाराच्या पेस्टचा तांदळाएवढा ठिपका मुलाने गिळला, तरी पोटात साधारण एक दशांश मिलिग्रॅमच जाते. जाहिरातीतल्या चित्रात मात्र ब्रशच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पेस्टची लाट असते, आणि मुले त्या चित्राचेच अनुकरण करतात. नळी त्यांच्या हाती देऊ नये ती एवढ्याचसाठी. आमच्याकडे आता ती औषधांच्या फळीवर असते.

चव निवडताना आम्ही काय केले, ते सांगतो. सर्वांत लहान नळ्या तीनच घेतल्या. मोठी नळी स्वस्त पडते, पण मुलीने थुंकून टाकली तर ती महाग. तीन दिवस तीन चवी. खाऊच्या नावाची चव टाळली. चॉकलेट, बबलगम म्हटले की मुलाने ते गिळावे हे ओघानेच आले. त्यात मुलाचा दोष नाही. ‘खाऊ’ हा शब्द ब्रशाच्या जवळपास वापरायचा नाही, असा घरात नियम केला. फार फेस करणारी एक पेस्ट तिने चवीमुळे नव्हे तर फेसामुळे नाकारली. तोंड भरून येते म्हणाली. तेव्हा मूल ‘नको’ म्हणाले, तर काय नको ते विचारा. गोडी नको, झोंबणे नको, फेस नको, की नुसते बाबांची घाई नको? आमच्या थोरल्याला हे कोणी विचारलेच नव्हते.

थुंकायला शिकवणे हा तर स्वतंत्र विषय आहे. बाहेर सगळीकडे ‘थुंकू नका’ अशा पाट्या, आणि घरात आपण लेकराला थुंक थुंक म्हणून विनवतो! साध्या पाण्याची चूळ भरून, बेसिनच्या भोकावर नेम धरून, आमच्याकडे ते महिनाभरात जमले. पण थुंकता आले म्हणजे घासता आले असे नव्हे. सात-आठ वर्षांचे होईपर्यंत मुलाच्या हाताला मागच्या दाढा नीट साधत नाहीत. तिथे आपलाच हात लागतो, विशेषतः रात्री.

अस्वलाचे खोके त्या दिवशी दुकानातच राहिले. त्यावरून रस्ताभर रडारड झाली. घरी आलेल्या तिघांतून मुलीने संत्र्याची पेस्ट पसंत केली, तीही फारशी गोड नसलेली. थोरला आता दहा वर्षांचा आहे, पुदिन्याची पेस्ट वापरतो, आणि बहिणीपुढे “मला तिखट चालतं” म्हणून मिरवतो. अधूनमधून ती त्याच्या ब्रशाला जिभेचे टोक लावून पाहते. कालही पाहिले. डोळे मिटले, तोंड वाकडे केले आणि म्हणाली, “अजून तिखटच आहे.”