घोडा सुटला, पुढे काय?

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



कार्यक्रमपत्रिकेत आमच्या नावापुढे विषय छापला आहे, ‘कत्तलीतून सुटलेले घोडे आणि त्यांची घरे’. तो वाचून सकाळपासून तिघाचौघांनी आम्हाला बाजूला घेऊन विचारले, “काय हो, माणसांचे प्रश्न संपले काय? पोरांना नोकऱ्या नाहीत, आणि तुम्ही घोड्यांवर बोलणार?” प्रश्न रास्त आहे. आम्ही तो टाळणार नाही. शेवटी त्याच प्रश्नावर येऊ. तोवर आमचे थोडे ऐकून घ्यावे, एवढी विनंती.

आधी एक घरचीच गोष्ट. आमच्या लहानपणी, आज विहाराच्या मागे जिथे पाण्याची टाकी आहे, तिथे पत्र्याचा एक तबेला होता. वस्तीतले एक टांगेवाले काका तिथे आपला घोडा बांधत. स्टेशन ते बाजारपेठ अशी त्यांची फेरी असे. घोडा तांबडा, कपाळावर पांढरा ठिपका. शाळेतून येताना आम्ही पोरे त्याला गाजराची देठे चारायचो. पुढे रिक्षा आल्या, टांग्याचे गिऱ्हाईक तुटले. त्यातच घोडा पुढच्या पायाने लंगडू लागला. चंदीला पैसे नाहीत, नालबंदाची उधारी थकलेली, घरात लेकीचे लग्न ठरलेले. एक दिवस बाहेरगावचा एक माणूस टेम्पो घेऊन आला, पैसे मोजले आणि घोडा घेऊन गेला. आम्ही विचारले, “काका, कुठं नेला ओ?” ते म्हणाले, “असू द्या पोरांनो, नका विचारू.” आम्ही विचारले नाही. वस्तीत कोणीच विचारले नाही. त्या रात्री काका जेवले नाहीत, एवढे मात्र सगळ्यांना कळले.

तो घोडा कुठे गेला हे आम्हाला आजही माहीत नाही. पण म्हातारे, लंगडे घोडे कुठे जातात, हा प्रश्न डोक्यात राहिला. मोठेपणी त्यावर मिळेल ते वाचत गेलो. या प्रश्नावर सर्वांत जास्त झगडा अमेरिकेत झालेला दिसतो, म्हणून आज तिकडची हकीकत सांगतो.

अमेरिकेतले लोक सहसा घोड्याचे मांस खात नाहीत. युरोपातल्या काही देशांत आणि जपानात ते खाल्ले जाते. त्यामुळे अमेरिकेत घोड्यांचे कत्तलखाने होते आणि तिथले मांस परदेशी जाई. घोडा तिथवर पोचतो कसा? तर लिलावातून. गावोगावच्या बाजारात घोडे बोलीवर विकले जातात. चांगला घोडा स्वार घेतो, कामाचा घोडा शेतकरी घेतो. उरलेला घोडा वजनावर जातो. तो घेणारे दलाल ठरलेले असतात.

पेन्सिल्व्हेनिया राज्यात न्यू हॉलंड नावाच्या गावी असाच बाजार भरतो. १९५६ सालच्या फेब्रुवारीत हॅरी डी लेयर नावाचा एक गृहस्थ तिथे घोडा घ्यायला गेला. हा मूळचा हॉलंडचा, शेतकऱ्याचा मुलगा. महायुद्धात जर्मनांचा अंमल सोसलेला. १९५० साली तो बायकोला घेऊन अमेरिकेत आला आणि पुढे मुलींच्या एका शाळेत घोडेस्वारी शिकवू लागला. त्या दिवशी त्याला पोचायला उशीर झाला. बाजार उठला होता. उरलेले घोडे कत्तलखान्याच्या ट्रकमध्ये चढवले होते. त्यांत नांगर ओढून थकलेला एक करडा घोडा होता, अंगावर जखमा, मातीने भरलेला. हॅरीने त्याला खाली उतरवून घेतला. किंमत ८० डॉलर. घरी पोचला तेव्हा बर्फ पडत होता. घोड्याच्या पाठीवर बर्फ बसला, म्हणून हॅरीच्या मुलांनी त्याचे नाव ठेवले स्नोमॅन, म्हणजे बर्फाचा माणूस.

हॅरीही काही श्रीमंत नव्हता. चार पैसे मिळतात म्हणून त्याने हा घोडा शेजारच्या एका डॉक्टरला विकला. पण घोडा तिथे थांबेना. उंच कुंपणावरून उडी मारून तो परत हॅरीच्या दारात येऊन उभा राही. तेव्हा हॅरीच्या लक्षात आले की हा गडी उडी मारणारा आहे. त्याने त्याला परत घेतला, शिकवला. ट्रकमधून उतरल्यावर दोनच वर्षांत, १९५८ साली, स्नोमॅन अडथळ्यांच्या शर्यतीत देशातला सर्वश्रेष्ठ घोडा ठरला. १९५९ साली पुन्हा ठरला. लाख डॉलर देणारे गिऱ्हाईक आले, पण हॅरीने त्याला विकला नाही. १९७४ साली स्नोमॅन गेला तो हॅरीकडेच.

ही गोष्ट ऐकायला गोड आहे. पण मित्रहो, इथे जरा थांबले पाहिजे. स्नोमॅन उडी मारणारा निघाला म्हणून त्याची कीर्ती झाली. त्याच ट्रकमधल्या बाकीच्या घोड्यांचे काय? आणि कीर्ती झाली म्हणून तरी घोडा सुटतो काय? फर्डिनंड नावाच्या घोड्याने १९८६ साली केंटकी डर्बी ही अमेरिकेतली सर्वांत मानाची शर्यत जिंकली. १९८७ साली तो वर्षातला सर्वोत्तम घोडा ठरला. पुढे पैदाशीसाठी त्याला जपानला विकले. तिथे त्याचा उपयोग संपला आणि २००२ साली त्याची कत्तल झाली. बातमी बाहेर आली ती पुढच्या वर्षी. लाखो लोकांनी ज्याच्यासाठी टाळ्या पिटल्या, त्याची ही गत! म्हणजे जोवर उपयोग तोवर मान. हा हिशेब आपल्या समाजाला नवीन नाही.

मग लोक म्हणाले, कत्तलखानेच बंद करा. २००७ साली टेक्सासमधले दोन आणि इलिनॉयमधला एक, असे उरलेले तीनही कत्तलखाने त्या त्या राज्याच्या कायद्याने बंद पडले. सगळ्यांना वाटले, सुटले घोडे! पण झाले काय? दलालांनी ट्रकची तोंडे कॅनडा आणि मेक्सिकोकडे वळवली. २०१० साली सुमारे १ लाख ३८ हजार घोडे या दोन देशांत कत्तलीसाठी गेले, असे अमेरिकी संसदेच्या हिशेब तपासणाऱ्या कार्यालयाने २०११ च्या अहवालात नोंदले आहे. म्हणजे पूर्वी कापले जात तितकेच. फरक एवढाच, की प्रवास लांबला आणि हाल वाढले. अलीकडे हा आकडा बराच उतरला आहे, पण वाट बंद झालेली नाही. दार बंद केले आणि घर दिले नाही, तर जनावर दुसऱ्या दाराने जाते.

काही दयाळू माणसे दलालाकडूनच घोडा सोडवून आणतात. एका घोड्यापुरते ते खरेच आहे, त्याचा जीव वाचतो. पण दलालाच्या हाती चांगला भाव पडला की तो त्या पैशात पुढच्या लिलावात आणखी घोडे उचलतो. म्हणून जाणती मंडळी म्हणतात, घोडा दलालाकडे पोचण्याआधीच त्याच्या मालकाकडे जा. मालकाची अडचण काय आहे ते विचारा. चाऱ्याची आहे, औषधाची आहे, की जागेची आहे?

आणि घोडा आणला म्हणजे काम झाले असे नाही. तिथूनच कामाला सुरुवात होते. घोडा पंचवीस-तीस वर्षे जगतो. शर्यतीचा घोडा पाच-सहा वर्षांचा झाला की बऱ्याचदा निवृत्त होतो. म्हणजे पुढची वीस वर्षे कोणी पोसायचा? पाचशे किलोचे ते जनावर. रोज आठ-दहा किलो गवत-कडबा आणि पंचवीस-तीस लिटर पाणी लागते. दर सहा ते आठ आठवड्यांनी खूर तासावे लागतात. घोड्याला ओकारी होत नाही, त्यामुळे पोटशूळ उठला की जिवावर बेततो. आणखी एक गोष्ट ऐकून तुम्हाला नवल वाटेल. महिनोन् महिने उपाशी असलेल्या घोड्यापुढे दया येऊन टोपलीभर धान्य टाकले, तर तो तीन-चार दिवसांत मरू शकतो. त्याला थोडा थोडा लसूणघास दर चार तासांनी द्यावा लागतो आणि आठ-दहा दिवसांत हळूहळू खुराक वाढवावा लागतो. म्हणजे नुसती दया पुरत नाही, दयेला ज्ञान लागते. बाबासाहेबांनी प्रज्ञा आणि करुणा यांची जोडी का सांगितली, ते आम्हाला या एका उदाहरणावरून नीट समजले.

तिकडच्या चांगल्या संस्था घोडा कोणाच्याही हाती देत नाहीत. आधी घर बघतात, कुंपण बघतात, माणूस बघतात. मग करारपत्र करतात. हा घोडा लिलावात विकायचा नाही, सांभाळणे झाले नाही तर आमच्याकडे परत आणायचा, आम्ही कधीही येऊन पाहू. आपण सोयरीक जुळवताना जशी चौकशी करतो तशी. आणि जिथे हा हिशेब चुकला, झेपतील त्यापेक्षा जास्त घोडे घेतले, तिथे संस्थेच्याच आवारात घोडे उपाशी राहिल्याचेही घडले आहे. म्हणून आपल्याला पेलेल तेवढेच घ्यावे.

आता जी हकीकत सांगण्यासाठी आम्ही उभे आहोत ती सांगतो. न्यूयॉर्क राज्यात वॉलकिल येथे तुरुंग आहे. तुरुंगाची दूधदुभत्याची जुनी शेती रिकामी पडली होती. दुसरीकडे शर्यतीच्या निवृत्त घोड्यांसाठी नवीन निघालेल्या एका संस्थेकडे जागा नव्हती. तिचे नाव थरोब्रेड रिटायरमेंट फाउंडेशन, संस्थापिका मोनिक केलर. १९८४ साली दोघांचे जमले. जागा तुरुंगाची, घोडे संस्थेचे आणि मोतद्दार कोण, तर कैदी! ते खरारा करतात, खूर साफ करतात, मलमपट्टी करतात, तबेला झाडतात. घोड्याचे शरीर, खुराक, आजार यांचे रीतसर शिक्षण त्यांना मिळते, म्हणजे सुटल्यावर हाती एक धंदा राहतो. पुढे केंटकी, दक्षिण कॅरोलायना, फ्लोरिडा अशा राज्यांतल्या तुरुंगांतही हे काम सुरू झाले. फ्लोरिडात तर ते स्त्रियांच्या तुरुंगात आहे.

जरा विचार करा. एकाला शर्यतीने टाकलेले, एकाला समाजाने. घोडा काही विचारत नाही की तू काय गुन्हा केलास. हात कसा फिरतो, आवाज कसा आहे, एवढेच तो ओळखतो. आरडाओरडा केला की तो मागे सरतो. त्याच्याजवळ जायचे तर माणसाला आपला राग आधी खाली ठेवावा लागतो. अंगुलिमालाची कथा आपल्या विहारात मुलांना सांगतात. माणूस बदलू शकतो, हा त्या कथेचा गाभा. इथे तो बदल रोजच्या शेण-गवताच्या कामातून घडवायचा प्रयत्न आहे.

आता सकाळच्या त्या प्रश्नाकडे येतो. माणसांचे प्रश्न संपले काय? नाही संपले. उलट जनावराच्या नावाने आपल्याच माणसांना मार खावा लागतो. २०१६ च्या जुलैमध्ये गुजरातेत उना तालुक्यात मेलेली गाय सोलणाऱ्या आपल्या तरुणांना बांधून मारले. आपला नवरदेव घोडीवर बसला म्हणून त्याला खाली उतरवल्याच्या बातम्या आजही येतात. अशांच्या तोंडी प्राणिदयेची भाषा ऐकली की आपले रक्त तापते, आणि तापलेच पाहिजे. माणसाला मारून जनावरावर दाखवलेली दया ही दया नव्हेच. पण त्यांनी तो शब्द बाटवला म्हणून आपण मैत्री सोडायची काय? बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये स्पष्ट केले आहे की करुणा माणसांपुरती असते, मैत्री तिच्या पुढे जाते, ती सर्व जिवांपर्यंत पोचते. म्हणजे माणूस आधी सुटतो आणि जनावर मागे राहते, किंवा जनावर सुटते आणि माणूस मागे राहतो, असे दोन रस्ते नाहीत.

आपल्या मुंबईचेच बघा. २०१५ च्या जूनमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हौसेच्या फेऱ्यांच्या घोडागाड्या, म्हणजे व्हिक्टोरिया, बेकायदा ठरवल्या. घोड्यांचे हाल होत होते हे खरेच होते. पण त्या गाड्यांवर पोट भरणारी कुटुंबेही होती, म्हणून त्यांच्या पुनर्वसनाचा विचार करण्यास न्यायालयाने सरकारला सांगितले. पुढे २०२१ च्या मार्चमध्ये त्याच थाटाच्या विजेवर चालणाऱ्या गाड्या मुंबईत सुरू झाल्या. घोड्याच्या सुटकेबरोबर गाडीवानाच्या चुलीचा विचार करावा लागतो, हे यातून घ्यायचे.

आमच्या टांगेवाल्या काकांचा घोडा वस्तीला वाचवता आला असता काय? आम्ही पुष्कळदा हा विचार केला आहे. नालबंदाची उधारी चार घरांनी मिळून भागवली असती, लग्नाला थोडा हातभार लावला असता, तर कदाचित तो त्या तबेल्यातच म्हातारा झाला असता. काका काही निर्दय नव्हते. ते एकटे पडले होते. आणि ते एकटे पडले, कारण आम्ही विचारले नाही.

म्हणून आज वर्धापनदिनी एवढीच विनंती. आपल्या गावात वीटभट्टीवर गाढवे आहेत, वरातीच्या घोड्या आहेत, त्यांना धरून पोट भरणारी माणसे आहेत. ती बहुतेक आपल्यासारखीच गरीब आहेत. त्यातले एखादे जनावर लंगडताना दिसले, कोणी ते विकायला काढलेले दिसले, तर त्याच्या मालकापाशी जाऊन बसा. शिव्या देऊ नका, व्याख्यान देऊ नका. “दादा, काय अडचण आहे?” असे विचारा. पशुवैद्यकीय दवाखान्यात त्याच्याबरोबर जा. शक्य असेल तो हातभार लावा. जमेल तेवढेच करा, पण विचारल्याशिवाय राहू नका.

 सर्वांचे मंगल होवो.

जयभीम! नमो बुद्धाय!